जायफळ, आगळ आणि दोन पेले

मे १९३६. ‘हिंडेनबर्ग’ हे जर्मन हवाई जहाज उत्तर अमेरिकेच्या पहिल्या फेरीवर निघालं होतं. पोटात सुमारे दोन लाख घनमीटर हायड्रोजन, खाली अटलांटिक महासागर, आणि प्रवाशांच्या दिमतीला खालच्या मजल्यावर एक चिमुकला बार. बारला लागूनच धूम्रपानाची खोली. तिथल्या हवेचा दाब मुद्दाम जास्त ठेवलेला, म्हणजे कुठे गळती झालीच तर हायड्रोजन आत शिरू नये. आत जायला दुहेरी दार, आणि सिगारेट पेटवायला विजेवरचा एकच लायटर. एवढी दक्षता घेतलेल्या या जहाजावर वाटेत जिन मात्र संपली. तेव्हा पॉलीन चार्टरिस नावाच्या प्रवासी पुढे झाल्या. ‘द सेंट’च्या कथा लिहिणारे लेस्ली चार्टरिस यांच्या त्या पत्नी. बारमध्ये किर्श, म्हणजे चेरीपासून गाळलेली पाण्यासारखी स्वच्छ दारू, शिल्लक होती. ती जिनच्या जागी घालून त्यांनी कॉकटेल जुळवून दिलं.

जिन नव्हती, पण माप ठाऊक होतं आणि जोडीचे जिन्नस हाताशी होते. प्रवासात बार बरोबर न्यायचा म्हणजे नेमकं काय न्यायचं, याचं उत्तर मला या प्रसंगात सापडतं. आपल्याकडे ‘बार’ म्हटलं की बाटल्या डोळ्यांसमोर येतात. सहलीला निघालेल्या गाडीच्या डिकीत साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळलेल्या बाटल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. माझं मत वेगळं आहे. दारू जिथे जाऊ तिथली प्यावी. ती त्या मातीची, त्या फळाची, त्या हवेची असते. घरून न्यायचं ते बाकीचं सगळं: आंबट, कडू, गोड, सुगंध, आणि माप. असा बार एका डब्यात मावतो. आणि तो काही आजच्या हौशी लोकांनी काढलेला नाही. मिश्र पेयांचा जन्मच प्रवासात झाला आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या किनाऱ्यावर.

१६३८ साली मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेला इंग्रजांच्या वखारीत उतरला होता. तिथे वखारवाले जे पेय पीत, त्याचे घटक त्याने लिहून ठेवले आहेत: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. त्याच्या सहा वर्षं आधी, १६३२ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाने आंध्र किनाऱ्यावरच्या पेटापोलीतल्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात ‘पंच’चा उल्लेख येतो; या पेयाचा इंग्रजीतला हा सर्वांत जुना उल्लेख समजला जातो. विलायतेहून निघालेली बिअर आणि वाइन इथे पोहोचेपर्यंत उन्हाने उतरायची. मग माडाची किंवा उसाची इथली दारू, इथलं लिंबू, इथली साखर, इथलं पाणी आणि वरून मसाला. परमुलखात आलेल्या माणसांनी हाताशी असेल त्यातून प्रमाण बसवलं, आणि तेच प्रमाण घेऊन ती मायदेशी परतली. पुढे शंभर-दीडशे वर्षं लंडनमध्ये पंचची चलती होती.

जॉन फ्रायर हे नाव शिवकालाच्या वाचकांना परिचयाचं आहे. कंपनीचा हा डॉक्टर १६७५ मध्ये जुन्नरला जाऊन आला होता. त्याच्या प्रवासवर्णनात गोव्यातल्या नेरुळच्या दारूची तारीफ आहे. हे नेरुळ बार्देशातलं, कांदोळीशेजारचं. या किनाऱ्यावरची सर्वांत चांगली दारू तिथे होते आणि इंग्रज तिच्यात आणखी जिन्नस घालून पंच करतात, असं तो लिहितो; सगळे मिळून पाच जिन्नस. नेरुळला आज खाडीकाठी हॉटेलं आहेत, माडही आहेत. पंचशी या गावाचं असं नातं आहे, याची पाटी मात्र कुठे दिसत नाही. ती असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

या पंचने खिशातलं बार-हत्यारही घडवलं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये शौकीन माणसं चांदीची छोटी किसणी खिशात बाळगत. कुणाची अंड्याच्या आकाराची, कुणाची हृदयाच्या, कुणाची नळीसारखी. झाकण उघडलं की आत किसणी, आणि किसणीखालच्या कप्प्यात एक अख्खं जायफळ. खानावळीत पंच समोर आला की खिशातून किसणी काढायची आणि स्वतःच्या हाताने जायफळ किसायचं. लिलावांत आणि संग्रहालयांत या किसण्या आजही दिसतात. दारू खानावळीची, सुवास स्वतःचा, हे मर्म त्या माणसांना पुरतं कळलेलं होतं.

खिशानंतर जहाज. प्रवासी बारची खरी शाळा म्हणजे जहाज, आणि तिथला दारूचा इतिहास औषधाच्या पेटीला चिकटून चालतो. ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन याने १७४० मध्ये हुकूम काढला की खलाशांना रम नुसती द्यायची नाही. अर्ध्या पाइंटला एक क्वार्ट पाणी, म्हणजे एकास चार, असं मिसळून द्यायची. ज्यांनी आपल्या शिध्यातली बचत केली असेल, त्यांना ती देऊन साखर आणि लिंबं घेता येतील, अशी सोयही त्यात होती. रम, पाणी, साखर, लिंबू. आज बारमध्ये हेच जिन्नस, पाण्याच्या जागी बर्फ घालून, घुसळतात आणि त्याला डायकिरी म्हणतात. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टराने ‘सॅलिसबरी’ जहाजावर स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांवर प्रयोग केला. संत्री-लिंबं खाणारे झपाट्याने सुधारले. तरी नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ उजाडलं.

आता अडचण ही की रस टिकायचा कसा. टिकावा म्हणून त्यात दारू घालत. १८६७ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ बंदरातल्या लॉकलन रोझ याने दारूशिवाय, साखर घालून लिंबाचा रस टिकवण्याचं पेटंट घेतलं. व्यापारी जहाजांवर लिंबाचा रस सक्तीचा करणारा ब्रिटिश कायदाही त्याच वर्षीचा. मालाला गिऱ्हाईक आयतं मिळालं. हा गोड-आंबट रस जिनमध्ये पडला आणि गिमलेट तयार झालं.

कडूची गोष्ट तशीच. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीवर अंगोस्तुरा नावाचं बंदर होतं. तिथे योहान सीगर्ट हा जर्मन डॉक्टर सिमोन बोलिव्हारच्या सैन्यात काम करायचा. १८२४ मध्ये त्याने पोटाच्या तक्रारींवर मुळ्या-सालींचा एक कडू अर्क, म्हणजे बिटर्स, तयार केला. बंदरात येणाऱ्या खलाशांनी तो जगभर नेला. पुढे १८७५ मध्ये कारखाना त्रिनिदादला गेला. बाटलीला बेताल मोठं लेबल लावलेला तो अर्क आजही तिथेच होतो. त्यात ४४.७ टक्के अल्कोहोल असतं, पण वापर थेंबाथेंबाने, म्हणून एक बाटली वर्षानुवर्षं पुरते. तिसरं औषध क्विनीन. हिवतापावरची ही कडूजहर पूड पोटात जावी म्हणून सोडा आणि साखर. १८५८ मध्ये लंडनच्या इरॅस्मस बाँडने अशा टॉनिक पाण्याचं पेटंट घेतलं. थोड्याच वर्षांत निलगिरीत सिंकोनाचे मळे उभे राहिले, आणि जिन-टॉनिक हिंदुस्थानातल्या साहेबाच्या संध्याकाळचा भाग होऊन बसलं.

बिटर्स, लिंबू, क्विनीन. कोणत्याही चांगल्या बारच्या फळीवर नजर टाका, निम्मा माल जहाजावरच्या वैद्याच्या पेटीतून आलेला दिसेल. ही रसद मुळात बाहेर न्यायलाच तयार झाली होती: टिकाऊ, थोडक्यात काम भागवणारी, हलक्या बाटलीत मावणारी. घरातल्या बारपेक्षा प्रवासातला बार मला अधिक अस्सल वाटतो, तो यामुळे.

मालासारखी हत्यारंही प्रवासाला निघाली. अमेरिकन बारमनांचा आद्यपुरुष जेरी थॉमस. कॉकटेलच्या कृतींचं त्याचं पुस्तक १८६२ मध्ये निघालं. त्याआधी तो युरोपच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्याने बरोबर अस्सल चांदीची हत्यारं नेली होती. पेले, गाळण्या, चमचे. तेच त्याचं भांडवल.

बाटल्यांची पेटी हे प्रकरण खरं रुजलं ते बंदीमुळे. अमेरिकेत जानेवारी १९२० ते ५ डिसेंबर १९३३ दारूबंदी होती. कायद्याने दारू गाळणं, विकणं आणि वाहून नेणं बंद केलं. पिण्यावर थेट बंदी नव्हती. साहजिकच लपवण्याच्या तऱ्हा निघाल्या, आणि लपवणं सोडून मिरवण्याच्याही. जर्मनीत झोलिंगेनच्या जे. ए. हेंकेल्स कंपनीने १९२८ च्या सुमारास चांदीचा मुलामा दिलेला झेपेलिन, हवाई जहाजाचा छोटा नमुना, केला. दिसायला टेबलावर ठेवायची शोभेची वस्तू. सुटा केला की आतून शेकर, फ्लास्क, पेले असं एकात एक बसवलेलं सगळं बाहेर येतं. असली कारागिरी पाहिली की मन प्रसन्न होतं. पुढे ज्या राज्यांत बंदीची शेपूट शिल्लक राहिली, तिथे पेट्याही राहिल्या. टेक्सासात १९७१ पर्यंत बारमध्ये पेगने दारू विकता येत नसे. गिऱ्हाइकांनी आपली बाटली आणायची, हॉटेलने सोडा-बर्फ द्यायचा. फिरत्या विक्रेत्यांच्या हातातल्या, दोन बाटल्या आणि चार पेले मावणाऱ्या रेक्झिनच्या पेट्या त्या काळातल्या. त्या अवजड होत्या. मला त्यांचं आकर्षण नाही.

आजचा पेच विमानाचा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही. चेक-इनच्या सामानात २४ ते ७० टक्के अल्कोहोलची दारू माणशी ५ लिटरपर्यंत, तीही सीलबंद. ७० टक्क्यांवरची अजिबात नाही. आणि विमानात बसल्यावर स्वतःजवळची दारू काढून पिणं नियमाविरुद्ध आहे. विमान कंपनी देईल तीच. मात्र बिटर्सची १० मिलीची कुपी, साखर, जायफळ आणि चमचा घेऊन चढायला अडचण येत नाही.

कुप्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. उडत्या विमानातला हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण तीन-चतुर्थांश असतो. अर्धवट भरलेल्या बाटलीतली हवा फुगते आणि द्रव बाहेर ढकलते. रबरी बोंडाच्या ड्रॉपरच्या बाटल्या सर्वांत आधी गळतात. म्हणून कुपी गळ्यापर्यंत भरायची, आट्यांचं साधं झाकण लावायचं, वर झिपची पिशवी. होमिओपॅथीच्या औषधांच्या काचेच्या कुप्या या कामाला उत्तम.

माझा डबा कडीचा आहे, बाजारात मिळतो तसला स्टीलचा. त्यात दोन पेले: एक मोठा, एक जरा लहान. लहान पेला मोठ्यात तिरका दाबून बसवला की शेकर झाला. बर्फ घालून घुसळताना आतली हवा गार होऊन आक्रसते, आतला दाब उतरतो, आणि पेले एकमेकांना असे धरतात की थेंब सांडत नाही. सोडवताना जोडावर तळहाताने हलकीशी थाप द्यायची. पेल्यांच्या पोटात बाकीचं सामान: ३० आणि ६० मिलीचं दुतोंडी माप, चहाची छोटी गाळणी, साल काढायचं सोलाणं, लांब दांड्याचा चमचा, फडक्यात गुंडाळलेली जायफळाची किसणी आणि दोन जायफळं. जायफळ कोकणातल्या आणि गोव्यातल्या कुळागरांत पिकतं, आणि ते अख्खंच घ्यावं. पूड करून ठेवली की महिन्याभरात तिच्यात राम उरत नाही.

कुप्या चार. एकीत बिटर्स. दुसरीत गुलाबपाणी, सुरतेच्या त्या वखारीची आठवण म्हणून. तिसरीत साखरेचा घट्ट पाक, दोनास एक. चौथीत माझा सगळ्यात आवडता ऐवज, कोकमाचं आगळ.

आगळाबद्दल मी कितीही बोलू शकेन. पिकलेल्या रातांब्यांच्या सालींना मीठ चोळून त्यांचा सुटलेला तो दाट लाल रस. कोकणातल्या घराघरात बरणी भरलेली असते. लिंबाची मोठी अडचण अशी की पिळल्यावर काही तासांत रसाची चव उतरते, आणि परमुलखात मिळेल ते लिंबू कसं निघेल याचा भरवसा नसतो. आगळाला तो प्रश्न नाही. मिठामुळे ते टिकतं. आंबटपणा ठाम, त्याच्या मागे किंचित तुरटपणा, आणि मीठ आधीच मुरलेलं. कॉकटेलमध्ये चिमूटभर मीठ कडूपणा बोथट करतं आणि फळाचा स्वाद पुढे आणतं, हे चांगले बारमन जाणून असतात. आगळ आंबट आणि मीठ ही दोन्ही कामं एका थेंबात करतं. रोझने १८६७ मध्ये साखरेने जे साधलं, ते आपल्याकडच्या बायकांनी मिठाने केव्हाच साधलेलं आहे.

बर्फ हा प्रवासी बारचा कच्चा दुवा. घुसळलेल्या पेयात जवळपास चौथा हिस्सा बर्फाचं पाणी असतं आणि ते हवंच असतं. त्याशिवाय चवी एकजीव होत नाहीत. बर्फ मिळणार नसेल तर ते पाणी मापून आधीच घालावं आणि मिश्रणाची बाटली खोलीतल्या फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवावी. बर्फ मिळणार असेल तर रुंद तोंडाचा थर्मास जवळ ठेवावा. किनाऱ्यावर, मासळीबाजाराच्या आसपास, बर्फ मुबलक दिसतो. तो घेऊ नये. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम आहे, तो एवढ्याचसाठी. पिण्याचा बर्फ हॉटेलातून किंवा ट्यूबच्या आकाराचा सीलबंद पिशवीतला घ्यावा.

हा डबा परदेशात पहिल्यांदा मनासारखा उघडला तो कोलंबोला. श्रीलंकेत माडाच्या ताडीपासून गाळलेली अरॅक अजूनही रोजच्या पिण्यातली आहे. फ्रायरने नेरुळला वाखाणलेल्या घराण्यातलीच ही दारू. दुकानातून साधी बाटली आणली, समोरच्या गाड्यावरून लिंबं घेतली आणि मांडेल्स्लोची यादी मांडली, गार पाणी आणि जायफळ तेवढं वरचं: अरॅक ६० मिली, लिंबू २० मिली, पाक १५ मिली, गुलाबपाण्याचे चार थेंब, गार पाणी ६० मिली, वरून जायफळ. गुलाबपाणी सरबताची आठवण करून देईल असं वाटलं होतं. तसं होत नाही. अरॅकला सुक्या खोबऱ्यासारखा जो वास असतो तो गुलाबाने मऊ होतो आणि जायफळ त्याला टोक आणतं. पावणेचारशे वर्षांपूर्वीची ती नोंद, आणि आजही त्यात एका थेंबाचा फेरफार करावासा वाटत नाही.

आता कायदा, कारण मराठी वाचकाला तो माहीत असणं गरजेचं आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा दुकानात पाच रुपयांत मिळतो, आजीवनही काढता येतो. कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षं आहे. गोव्यात घेतलेली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, मग बाटली एक असो की दहा. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्क खातं गाड्या तपासतं, आणि दर हंगामात कित्येक सहली तिथेच विरस होऊन संपतात. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे. तिथे जाताना मी बिटर्सची कुपीही घरी ठेवतो. आगळ आणि जायफळ सोड्यातही झकास लागतात. आगगाडीत डबा उघडायचा नाही. नशेत गाडीत सापडलं तर रेल्वे कायद्याच्या कलम १४५ खाली शिक्षा आहे. आणि गाडी चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा एका पेगमध्येही गाठली जाऊ शकते.

पण कायदा बाजूला ठेवला तरी बाटल्या वाहून नेण्याविरुद्ध माझ्याकडे त्याहून मोठा मुद्दा आहे, आणि तो उर्राकाचा. काही दारवा प्रवास करतच नाहीत.

गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईच्या पलीकडे, मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या भट्ट्या पेटतात. गळून पडलेली बोंडं बाया-माणसं डोंगरावरून वेचून आणतात. झाडावरून तोडलेलं बोंड चालत नाही, आपणहून पडलेलंच हवं. बिया पिळून वेगळ्या काढायच्या, बोंडं कोळंबीत, म्हणजे मळणीच्या कुंडीत, तुडवायची. रस मडक्यांत काही दिवस आंबतो. पहिल्या धारेचा तो उर्राक, सुमारे १५ टक्क्यांचा. उर्राक आणि रस मिसळून पुन्हा गाळला की फेणी, चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांची. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ती आता बाटलीबंद होऊन दूरवर जाते. उर्राक मात्र हंगामापुरता. त्याचा फळाचा ताजा, किंचित आंबूस दरवळ पावसाळा लागेतो विरून जातो. ज्याला तो प्यायचा आहे त्याने उन्हाळ्यात तिथे जावं, दुसरा मार्ग नाही.

तिथे रीत ठरलेली आहे. उर्राकात लिंबाचा सोडा, मीठ, आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. ही रीत इतकी चोख आहे की तिला हात लावायला धीर लागतो. मी ज्या भट्टीवर बसलो होतो तिथल्या काकींना विचारूनच डबा उघडला. बोंडं तुडवलेल्या कुंडीचा आंबटगोड वास, भट्टीच्या लाकडांचा धूर, आणि तांब्याच्या भांड्यातून येणारी बारीक धार समोर. उर्राक ९० मिली, आगळ १० मिली, साधा सोडा, मिरची तशीच. मीठ घातलं नाही, ते आगळात होतं. काकींनी एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला, आणि सांगितलं की आगळ चांगलं आहे, घरचंच दिसतंय, पण बोंडाचा वास त्याखाली दबतो, निम्मं करा. मग त्यांनी स्वतःच माप हातात घेतलं, दुसरा पेला भरला आणि मिरचीची फोड आधी देठाकडून चुरडून मग आत टाकली.

त्यांचंच खरं होतं. उर्राकाला आगळ ५ मिली, फेणीला १०. मिरची चुरडून. उर्राकात जायफळ नको. फेणीत चालतं, आणि फेणीत साखरेचा पाकही १० मिली घालावा. येत्या मार्चमध्ये गोव्याला जाणाऱ्यांनी हे माप टिपून ठेवावं, आणि आगळाची कुपी घरूनच भरून न्यावी.